किमोचा तिसरा दिवस

भूम तालुक्यातल्या कितीतरी गावांत सकाळच्या वाऱ्याला खव्याचा वास असतो. भूम, परंडा, वाशी हा सगळा पट्टा कमी पावसाचा. शेतीचा भरवसा नाही म्हणून माणसांनी म्हशी सांभाळल्या, आणि दूध नासायच्या आत लांब पोचवायची सोय नव्हती म्हणून ते आटवायला घेतलं. कुंथलगिरीचा पेढा ज्या खव्यावर उभा आहे, तो अशाच भट्ट्यांवर तयार होतो. माझ्या धाकट्या भावाची भट्टी आमच्या घराला लागूनच आहे. दूध कढईत पडलं की आधी नुसता तापल्या दुधाचा वास येतो. ते निम्म्याखाली आलं की वास जड आणि गोड होतो आणि कपड्यांत, केसांत, गोधडीत मुरतो. या वासावर आमचं घर चाललं, बहिणींची लग्नं झाली, माझं बी.एस्सी., बी.एड. झालं.

बायकोचा किमो सुरू झाला आणि हाच वास तिला सोसेनासा झाला. पदर नाकाला लावून ती पडवीतून आत जायची, आतून परसात, परसातून पुन्हा माजघरात. घराचा एकही कोपरा त्या वासातून सुटलेला नव्हता. भावानं एका शब्दानं न विचारता भट्टी मळ्यात हलवली. वीज, पाणी, लाकूड सगळं तिकडे न्यायचं म्हणजे खर्च होता. तो म्हणाला, “वहिनीच्या पोटात पाणी ठरंना, अन् मी इथं कढई चढवू व्हय?”

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. हिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला. त्या आजाराबद्दल, शस्त्रक्रियांबद्दल, खर्चाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचं आहे ते मळमळ आणि उलट्यांबद्दल. उपचारांच्या काळात नवऱ्याच्या, बायकोच्या वाट्याला रोजचं जे काम येतं, त्यातलं सर्वांत मोठं हेच, आणि याच्याबद्दल आपल्याकडे सर्वांत कमी बोललं जातं.

बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली तरी भूम-परंड्याच्या माणसाला दवाखान्यासाठी तीच जवळची. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचं नाव आमच्या खेड्यापाड्यांत म्हाताऱ्यांनाही ठाऊक आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली आणि तिच्यात बार्शीसोबत आमचे परंडा आणि भूम हे तालुके घेतले गेले. पुढे १९९९पासून आपल्या जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेला, या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. बार्शीचं हे रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा उस्मानाबाद हे आमच्या धाराशिव जिल्ह्याचं त्या वेळचं नाव जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या स्त्रियांच्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. लवकर सापडला तर हा आजार छोट्या उपचारावर किंवा शस्त्रक्रियेवर भागतो. हिचा पुढच्या टप्प्यावर सापडला. मग शेक, म्हणजे रेडिएशन, आणि त्याच्या जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिनचा किमो, असं ठरलं.

सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनम धातूपासून केलेलं औषध. अमेरिकेत १९७८ साली त्याला मान्यता मिळाली. कॅन्सरवर ते जोरदार चालतं आणि उलट्या करवणाऱ्या औषधांच्या यादीतही त्याचा नंबर अगदी वर लागतो. सुरुवातीच्या काळात उलट्यांना कंटाळून उपचार सोडून देणारे रुग्ण होते. आजही आमच्याकडे अशी माणसं भेटतात. “किमो नको, नुसता शेक द्या,” असं बार्शीच्या बाकावर एका आजींना म्हणताना मी ऐकलं. त्यांना दोष देत नाही. पण टाटा मेमोरियलनं याच कॅन्सरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० स्त्रियांचा अभ्यास करून २०१८ साली जे मांडलं, ते प्रत्येक नवऱ्यानं लक्षात ठेवावं. नुसता शेक घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण ४६ टक्के होतं, आणि सिस्प्लॅटिनची जोड मिळालेल्यांत ५४ टक्के. म्हणजे हे औषध शरीरात जायला हवं आणि ठरलेल्या वारी जायला हवं. ते जाऊ शकतं की नाही, हे बऱ्याच अंशी उलट्या आटोक्यात आहेत का यावर ठरतं.

त्या बाकावर बसून आणखी एक गोष्ट कानावर आली. कळंबच्या, करमाळ्याच्या, परंड्याच्या बायका एकमेकींना सांगायच्या की उलट्या झाल्या म्हणजे औषध लागू पडतंय. हे खरं नाही. उलटी किती झाली आणि गाठ किती विरघळली यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ज्यांना एकही उलटी होत नाही त्यांनाही औषधाचा तितकाच गुण येतो. दुसरं बोलणं त्याहून काळजीचं होतं: “डॉक्टरला सांगू नका बाई, किमो बंद करत्याल.” आमची हीसुद्धा तेच धरून बसली होती. आत गेल्यावर डॉक्टर विचारायचे, “कसं वाटतंय?” ही म्हणायची, “बरं आहे.” डॉक्टरांपुढे पन्नास माणसं उभी असतात. ‘बरं आहे’ म्हटल्यावर ते पुढच्या माणसाला हाक मारणार.

आपल्या बायकांना सोसण्याची सवय लावलेली असते. बाळंतपण, पाळी, कंबरदुखी, सगळं सोसलं तिनं. उलटीही त्याच हिशेबात धरली. म्हणून सांगायचं काम नवऱ्याचं, आणि नवरा आजारी असेल तर बायकोचं. नुसतं ‘फार उलट्या होतात हो’ म्हणूनही भागत नाही. कधी होतात, किती होतात, पोटात काय राहतं, हे सांगता आलं पाहिजे.

मी शाळेची दोनशेपानी वही घेतली आणि तिच्या पानांवर उभ्या रेघा मारल्या. वेळ, गोळी, काय खाल्लं-प्यालं, मळमळ, उलटी, लघवी. मळमळीला शून्य ते दहा असे गुण. ही विचारायची, “माझी परीक्षा घेताय का?” पण गुण द्यायची. एका पानावरच्या नोंदी अशा होत्या: सोमवार, किमो, संध्याकाळ, मळमळ २, भात-ताक राहिलं. मंगळवार सकाळ, ३, आंबील अर्धा पेला. बुधवार पहाट, ८, उलटी, पाणीसुद्धा नाही. बुधवार दुपार, ९, कोरडे उमासे. गुरुवार, ७. शुक्रवार, ३.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी वही मागून घेतली आणि ते पान नीट वाचलं. हिला म्हणाले, “ताई, तुमचा त्रास सलाइनच्या दिवसाचा नाहीये. तिसऱ्या दिवसाचा आहे. हे मला कळलंच नव्हतं.”

का, ते समजलं तर पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपण म्हणतो पोट बिघडलं म्हणून उलटी झाली. किमोची उलटी पोट बिघडल्याची नसते. तिचा हुकूम मेंदूतून सुटतो. सिस्प्लॅटिन रक्तात गेलं की काही तासांत आतड्याच्या अस्तरातल्या विशिष्ट पेशी सिरोटोनिन नावाचं रसायन बाहेर टाकतात. आतड्यापासून मेंदूपर्यंत गेलेली एक लांब नस आहे, ती हा निरोप वर पोचवते, आणि मेंदूच्या तळाशी असलेलं उलटीचं केंद्र कामाला लागतं. ऑन्डॅन्सेट्रॉन हे औषध नेमका हा निरोप अडवतं. अमेरिकेत त्याला १९९१ साली मान्यता मिळाली आणि त्यानंतर किमोचं चित्रच पालटलं. आपल्याकडे मेडिकलमध्ये उलटीची गोळी मागितली की बहुधा हीच हातात पडते.

पण हा सिरोटोनिनचा जोर पहिल्या दिवसापुरता असतो. पहिले २४ तास उलटले की सूत्रं दुसऱ्याच रसायनाकडे जातात. त्याला सब्स्टन्स पी म्हणतात आणि त्याचं काम मुख्यतः मेंदूत चालतं. सिस्प्लॅटिननंतर ही उशिराची मळमळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत चढते आणि पाचव्या दिवसापर्यंत रेंगाळू शकते. तिच्यावर ऑन्डॅन्सेट्रॉन फारसं चालत नाही. तिला ॲप्रेपिटंट लागतं, डेक्सामेथासोन लागतं, ओलान्झापिन लागतं. माणूस सलाइन संपवून घरी येतो, पहिली रात्र बरी जाते, घरचे म्हणतात, “सुटलो.” आणि बुधवारी पहाटे ओकाऱ्या सुरू होतात, तेव्हा दवाखाना लांब असतो आणि घरात असते ती पहिल्या दिवसाची गोळी.

आमच्या डॉक्टरांनी औषधं बदलली. ॲप्रेपिटंटच्या तीन दिवसांच्या तीन कॅप्सूल, पहिली १२५ मिलिग्रॅमची, सलाइनच्या तासभर आधी घ्यायची, मग दोन दिवस सकाळी ८०ची एकेक. डेक्सामेथासोन सकाळी नाश्त्यानंतर, कारण संध्याकाळी घेतलं तर झोप उडते. त्यानं साखरही वाढते, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी आधी सांगायलाच हवं. आणि रात्री झोपताना ओलान्झापिन.

या शेवटच्या गोळीवरून आमच्याकडे मोठं वादळ झालं. पुतण्यानं मोबाइलवर नाव टाकून पाहिलं आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं की ही वेडाची गोळी आहे. हिचा चेहरा उतरला. “मला काय झालंय असं?” म्हणाली आणि गोळी घ्यायला नकार दिला. खरं आहे, हे औषध मुळात मानसिक आजारांसाठी आलं. पण उलटीच्या केंद्रात जी जी रसायनं काम करतात, त्यातल्या अनेकांना ते एकाच वेळी आवरतं, असं नंतर दिसून आलं. २०१६ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ते सिद्ध झालं. तिथे मात्रा १० मिलिग्रॅमची होती, आणि तिनं गुंगी फार येते. मग टाटा मेमोरियलच्या डॉ. ज्योती बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं की इतकी मात्रा लागते का? त्यांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. चौथा हिस्सा, म्हणजे अडीच मिलिग्रॅम, उलटी रोखण्यात १०च्या तोडीस तोड ठरला आणि दिवसाची गुंगी खूपच कमी. मला याचं फार अप्रूप वाटतं. आपल्या माणसांवर, आपल्याच देशात झालेला अभ्यास, स्वस्त गोळीचा आणि तीही कमी मात्रेत. हे सगळं मी हिला परसात बसून सांगितलं. त्या रात्री तिनं गोळी घेतली आणि बऱ्याच दिवसांनी सलग झोपली.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट मी नात्यातल्या प्रत्येकाला बजावतो. उलटीची गोळी उलटी झाल्यावर घ्यायची नसते. पेरणीआधी बियाण्याला औषध चोळतात, पीक उगवून रोग पडल्यावर नाही, तसंच हे. बरं वाटत असलं तरी तीन-चार दिवस घड्याळ लावून गोळ्या द्यायच्या. “आज बरं हाय, कशाला उगं गोळ्या,” हे वाक्य आमच्या घरात रोज ऐकू यायचं, आणि दिवस बरा होता तो गोळ्यांमुळेच. शिवाय एखादी जिभेवर विरघळणारी गोळी अचानकच्या त्रासासाठी वेगळी मागून ठेवावी. गोळी गिळल्याबरोबर उलटून पडली तर काय करायचं, तेही निघायच्या आधी विचारून घ्यावं. या गोळ्यांनी मलावरोध होतो, डोकं दुखतं. पोट साफ नसलं की मळमळ वाढते, म्हणून वहीत तोही रकाना मला पुढे वाढवावा लागला.

कोणाला जास्त त्रास होईल याचा अंदाज आधी बांधता येतो, हे मला वाचून कळलं. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त, तरुणांना वयस्करांपेक्षा जास्त, दारूचा स्पर्श नसलेल्यांना जास्त. ज्यांना गरोदरपणात फार उलट्या झाल्या त्यांना जास्त. ज्यांना गाडी लागते त्यांनाही जास्त. हिला थोरल्याच्या वेळी पाचव्या महिन्यापर्यंत काही पचलं नव्हतं, आणि येरमाळ्याच्या यात्रेला जातानाही ती एसटीत खिडकीशी बसते. माझ्या मते पहिल्या किमोच्या आधी प्रत्येक बाईला हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. कोणी विचारले नाहीत तर आपण होऊन सांगावं.

आता खाण्याचं. इथे आईनं आणि मी मिळून घर चालवलं. गरम अन्नाला वास जास्त येतो, म्हणून हिच्यापुढे वाफाळतं काही ठेवायचं नाही, हा पहिला नियम. फोडणी मागच्या परसातल्या चुलीवर, वाऱ्याची दिशा बघून. ताट आत न्यायच्या आधी झाकण बाहेर काढायचं, म्हणजे कोंडलेला वास तिच्या तोंडावर येत नाही. ज्वारीची आंबील गार करून, ताक घालून, चिमूटभर मीठ आणि जिऱ्याची पूड. मऊ भात-ताक. ज्वारीच्या लाह्या. भाजलेले फुटाणे. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी कोरडं काहीतरी दोन घास, कारण रिकाम्या पोटी मळमळ जास्त ढवळते. दर दोन तासांनी वाटीभर, पोटभर कधीच नाही. पाणी जेवताना नाही, मधल्या वेळात, घोटाघोटानं. तोंडाला लोखंडासारखी चव येते अशी तिची तक्रार होती. ती सिस्प्लॅटिनमुळे येते. मीठ-सोड्याच्या पाण्यानं गुळण्या करून मग खाल्लं की दोन घास जास्त जायचे.

तिच्या आवडीचा एकही पदार्थ मी किमोच्या दिवशी घरात येऊ दिला नाही. बहीण धाराशिवचे गुलाबजाम घेऊन आली होती, ते मी तसेच परत पाठवले. बहिणीला वाईट वाटलं, पण कारण होतं. १९७८ साली सिएटलमध्ये आयलीन बर्नस्टाइन या संशोधिकेनं किमोच्या आधी मुलांना खास चवीचं आइस्क्रीम दिलं होतं. नंतर त्या मुलांना ते आइस्क्रीम नकोसं झालं. उलटी औषधानं झाली हे मुलांना माहीत असूनही शरीरानं दोष आइस्क्रीमला दिला. आवडीचे पदार्थ असे कायमचे हातचे जाऊ शकतात. म्हणून ते चांगल्या दिवसांसाठी राखून ठेवायचे.

उपासाचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. तुळजाभवानीचे मंगळवार ही लग्नाआधीपासून धरते. किमो सोमवारी, म्हणजे त्रास चढायच्या तोंडावर उपाशी पोट. डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, ऐकेना. “आजारात देवीचा उपास मोडू?” शेवटी आई तिच्या उशाशी बसली आणि म्हणाली, “तुझे मंगळवार मी धरते. आईला काय, घरातल्या कुणीबी धरलं तरी पोचतंय.” सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईनं सुनेचे मंगळवार धरले, आणि त्या दिवसापासून ही मंगळवारी आंबील प्यायला लागली. हे काम ना डॉक्टरांना जमलं असतं, ना मला.

घरगुती उपायांत आलं मला पटलं. अमेरिकेत ५००हून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासात थोडं आलं घेतल्यानं पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाल्याचं दिसलं, पण उलटीच्या गोळ्यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे. आम्ही आलेपाकाची छोटी वडी तोंडात धरायला द्यायचो. लिंबाची फोड हुंगायला. काढे आणि चूर्णं घेऊन येणारे मात्र मी दारातूनच माघारी लावले. सिस्प्लॅटिनचा भार आधीच मूत्रपिंडावर असतो. त्यात काय मिसळलंय ते माहीत नसलेली पूड घालायची जोखीम कोणी घेऊ नये.

भेटायला येणाऱ्यांना काय सांगावं हे अवघड असतं. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे नातं तोडणं. अत्तर, गजरा, तपकीर, बिडी, उदबत्ती, प्रत्येक वासानं हिला ढवळून यायचं. मी पडवीत खुर्च्या टाकल्या आणि पाहुण्यांना तिथेच बसवलं. दोन-तीन जण रुसले. ते पुढे बोलायला लागले, पण त्या महिन्यांत त्यांच्या रुसण्याची पर्वा करायला मला वेळ नव्हता.

भांडं उचलण्याचंही सांगितलं पाहिजे. पहिल्यांदा मी उलटीचं भांडं उचललं तेव्हा हिनं माझं मनगट धरलं. “अहो, तुम्ही नका. आत्या करतील.” गडीमाणसानं बायकोची उलटी काढायची नसते, हे तिच्या मनात लहानपणापासून घातलेलं. चुलतीनं तर ऐकवलंच. मी हिला सांगितलं की मी तुझा नवरा आहे, पाहुणा नाही. लाज तिला आठवडाभर वाटली, मग उमासा आला की तीच हाक मारायला लागली. या कामात एक काळजी मात्र घ्यायची. किमोनंतरचे ४८ तास औषधाचा अंश उलटीत, लघवीत उतरतो. हातमोजे घालायचे, डागाळलेले कपडे वेगळे धुवायचे, संडासात पाणी दोनदा सोडायचं. घरात गरोदर बाई असेल तर तिनं या कामाला हात लावू नये.

पुढच्या किमोंच्या वेळी एक निराळाच त्रास डोकं वर काढतो. बार्शीच्या वळणावर गाडी आली, दवाखान्याची पाटी दिसली, स्पिरिटचा वास आला की सलाइन लागायच्या आधीच उलटी. आमच्यासोबत शेकाला येणाऱ्या एका बाईंना हे व्हायचं आणि त्यांचे यजमान त्यांच्यावर चिडायचे, “नाटकं करती.” ते नाटक नव्हतं. पावलोव्हच्या कुत्र्याचा प्रयोग मी दरवर्षी वर्गात शिकवतो. घंटा वाजली की तोंडाला पाणी सुटतं, तसा हा शरीराला लागलेला धडा. तो एकदा पक्का झाला की गोळ्यांनी सहज पुसत नाही. त्याच्यावर आदल्या रात्री द्यायचं वेगळं औषध असतं, ते डॉक्टरांकडे मागावं. पण खरा उपाय म्हणजे पहिल्याच किमोला उलट्या होऊ न देणं, म्हणजे शरीर तो धडा शिकतच नाही. हिला गाडीत पुढच्या सीटवर बसवायचं, काच थोडी खाली, आणि तिनं जात्यावरच्या ओव्या गुणगुणायच्या, असं आम्ही ठरवून घेतलं होतं. ओव्यांत मन राहिलं की रस्ता सरायचा.

शेकाचा भाग ओटीपोटाचा असला की त्याचीही मळमळ असते, आणि पुढे जुलाब लागतात. आठवड्याचे पाच दिवस, पाच आठवडे. वर उन्हाळा, आणि गावात पाणी टँकरचं. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की शरीर कोरडं पडायला वेळ लागत नाही, आणि सिस्प्लॅटिन घेणाऱ्याचं शरीर कोरडं पडणं म्हणजे मूत्रपिंडाला इजा. ओआरएसची पाकिटं घरात हवीतच. नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा लहान, चहाचा. १९७१च्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या पाण्यावर हजारो जीव वाचवले. उलटीनंतर दहा मिनिटं थांबून एकेक चमचा द्यायचा. तहान लागली म्हणून पेलाभर एकदम दिलं की ते परत येतं.

आमच्या जिल्ह्यात आशाताई घरोघर जातात, गरोदर बाई असो की लसीचं मूल, त्यांच्या वहीत नोंद असते. किमो घेतलेल्या माणसाच्या दारात तिसऱ्या दिवशी त्यांनी जाऊन तीनच गोष्टी विचारल्या, पाणी राहतंय का, लघवी होतेय का, गोळ्या घेताय का, तर कितीतरी जणांचे उपचार अर्धवट सुटणार नाहीत. ही माझी मनापासूनची मागणी आहे. तोवर हे प्रश्न घरातल्यांनीच विचारायचे.

आणि काही खुणा दिसल्या की वही मिटून गाडी काढायची. दिवसभरात घोटभर पाणीही टिकत नसेल, सात-आठ तास लघवी झाली नसेल किंवा ती गडद चहासारखी होत असेल, उलटीत रक्त किंवा चहाच्या चोथ्यासारखं काही दिसलं, पोट फुगून दुखत असेल, उभं राहिलं की भोवळ येत असेल, बोलणं तुटक होत असेल, किंवा ताप १००.४च्या वर गेला, तर सकाळची वाट पाहायची नाही. किमोतला ताप ही स्वतंत्र धोक्याची खूण आहे, तिच्यावर घरी पॅरासिटामॉल देऊन बसू नये.

आमच्यावर ती वेळ उन्हाच्या एका कडक आठवड्यात आली. जुलाब आणि उलट्या एकदम. संध्याकाळी वहीत लघवीच्या रकान्यात सकाळनंतर काहीच लिहिलेलं नव्हतं. ही म्हणत होती, “उद्या जाऊ, आत्ता कशाला गाडीचं भाडं?” भावानं खव्याच्या टेम्पोत पुढे गादी टाकली आणि आम्ही रात्रीच निघालो. रात्रभर सलाइन चाललं, सकाळी मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासलं, ते थोडं वर होतं. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं, तो आठवडा किमो दिला नाही, शेक मात्र थांबवला नाही. पुढच्या सोमवारी क्रिएटिनिन खाली आलेलं होतं आणि सिस्प्लॅटिन पुन्हा सुरू झालं.